वरचा झिरा

नाव ठेवायच्या दिवशी घरात आवाज चढवू नये, म्हणतात. म्हणतात सगळेच, पाळतं कोण? माझी लेक चार दिवसांची झाली त्या सकाळी कापायचा बोकड अजून खुंट्यालाच होता, आणि मुल्वाकाकांनी अंगणाच्या मधोमध उभं राहून जाहीर केलं, "उद्या उजाडता लॉरी येणार. पोरीचं नाव काय ठेवायचं ते ठेवा, पण वाळूचं आजच्या आज मिटवा."

"तोंड तरी धुतलंस का रे?" आंब्याखालून कालोन्दू आजी म्हणाली. "आल्या आल्या वाळू!"

सगळे हसले. काकाही हसले. हसरा माणूस तो. त्याच्याशी भांडायचं म्हणजे भांडणाऱ्यालाच लाज वाटते. आजीच्या सवतीचा हा मुलगा, सवत लवकर गेली म्हणून आजीच्याच अंगाखांद्यावर वाढलेला. येताना तिच्यासाठी तपकीर आणि साखर आणल्याशिवाय राहत नाही. आजीचा जीव त्याच्यावर आहे आणि ते त्याला पक्कं ठाऊक आहे.

मी दारात चटईवर लेकीला मांडीवर घेऊन बसले होते. बाळंतिणीचं एक बरं असतं, काम कोणी सांगत नाही आणि ऐकू सगळं येतं.

"नवऱ्या!" आजीनं माझ्या नवऱ्याला हाक मारली. "स्टूल सावलीत सरकव माझं. आणि त्या सवतीला सांग, पोरीचं डोकं झाक म्हणावं, वारा आहे."

ती सवत म्हणजे मी. माझ्या नवऱ्याला त्याच्या आजोबांचं नाव दिलंय, मुसेम्बी. मग आमच्या रिवाजानं तो आजीचा नवराच लागला आणि मी आपोआप सवत झाले. लग्न होऊन आले त्या दिवशी तिनं माझ्या हातचा चहा प्यायला आणि म्हणाली, "माझ्या नवऱ्याला असलं पांचट पाजणार असशील तर परत जा बाई." मी रडले होते तेव्हा. आता वर्ष झालं, तिनं मला सवत म्हटलं नाही असा दिवस आला तर मला चैन पडणार नाही.

पण वाळूचं सांगते. इथांगा नदी वर्षातले दहा महिने कोरडी, वाळूच वाळू. पाणी आहे ते वाळूच्या पोटात. आमच्या बायका वाळूत झिरा खणतात, डोक्याहून खोल, आत उतरतात, वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यानं पाणी वर देतात, पिवळे डबे भरतात आणि पट्टा कपाळाला लावून ते पाठीवरून आणतात. आमच्या कांबा जमातीच्या कुठल्याही बाईच्या कपाळाला हात लावा, पट्ट्याची खाच लागेल. माझ्याही आहे. नैरोबीला इमारती उठतात तशा वाळूच्या लॉऱ्या आमच्या नद्यांत उतरायला लागल्या. आमच्या वळणावर लॉरी उतरायची तर वाट आजीच्या काठच्या तुकड्यातूनच.

आणि माझ्या सासूला, स्योकाऊला, तोच तुकडा हवा होता. दोन्ही काठच्या बायकांनी जुनं वैर बाजूला ठेवून, सावड करून नदीत आडवी भिंत घालायची ठरवलं होतं. भिंतीमागं वाळू साठते, वाळूत पाणी साठतं, भिंतीतून नळ काढून काठावर हापसा बसवता येतो. खणायला नको, उतरायला नको, गुरांनी ढवळलेलं प्यायला नको. पलीकडच्या काठानं होकार दिला होता. आमच्या काठावर भिंतीचा पाय रोवायला आजीचा शब्द हवा होता. आणि वाळू एकदा लॉरीत गेली की खाली उघडा खडक. मग भिंत घाला नाहीतर कपाळ फोडा.

"आई," सासू चुलीपासून हात पुसत आली. "तुम्ही नुसतं हो म्हणा. दगड आम्ही वाहू. तुम्हाला काही करायचं नाही."

"वहिनी," काका हसतच म्हणाले, "हे घरातलं बोलणं चाललंय. आणलेल्या माणसानं..." पुढचं त्यांनी गिळलं.

तेवढं पुरलं. सासूला या घरात आजीनं आणलं होतं. आजीनं म्हणजे आजीनंच, शेळ्या देऊन, रीतसर लग्न लावून. जिला मूल होत नाही अशा बाईनं आपल्या घराला बायको करून आणायची आणि तिची मुलं आपल्या घरची म्हणायची, ही आमची जुनी रीत. त्यात कमीपणा काही नाही. पण टोमणा मारायचाच असला तर लोकांच्या जिभेवर 'आणलेली' हा शब्द तयार असतो.

सासू वळली आणि चुलीकडे गेली. मला असा राग आला की मांडीवरची लेक दचकली.

आजीनं तपकिरीची चिमूट नाकाशी नेली, शिंकली, आणि म्हणाली, "भिंत नको."

काकांचा चेहरा उजळला.

"लॉरीपण नको," आजी म्हणाली. "नदी आहे तशी राहू दे. माझा झिरा आहे तिथं राहू दे. मी मेले की काय हवं ते करा."

हे कोणालाच अपेक्षित नव्हतं.

"आहे तशी राहतेय कुठं, आजी?" मुसेम्बी म्हणाला. "खालच्या वळणावर खडक उघडा पडलाय. तुला दिसत नाही म्हणून."

"दिसत नाही म्हणूनच मला बरोबर दिसतं." आजीनं काठी जमिनीवर आपटली. "तुम्हाला काय ठाऊक रे त्या झिऱ्याचं? पहाटे आम्ही निघायचो. एक जण तळाशी, एक पायरीवर, एक वर. तळाची गाण्याची ओळ म्हणायची, पायरीवरची ती उचलायची, वरची पुरी करायची. तुंबा आणि गाणं बरोबरच वर यायचं. कोणाचा नवरा कसा घोरतो, कोणाची सासू काय लपवून खाते, सगळं तिथं कळायचं. हापशावर काय करणार? दांडा हलवला, भरला डबा, निघाली बाई घरी. बोलणार कोण, कोणाशी?"

कोकीकाकू, म्हणजे मुल्वाकाकांची बायको, मका निवडत होती. तिचे हात थांबले. "गाणी होती खरी," ती हळूच म्हणाली. "मी नवी होते तेव्हा मला तळाशी उतरवायचे. बारीक होते ना."

"तू? बारीक?" आजी म्हणाली.

"हसा, हसा. कंबर माझी अशी होती." काकूनं दोन्ही हातांची बोटं जुळवून दाखवली आणि अंगणभर हशा झाला. क्षणभर वाळू, लॉरी, भिंत, सगळं मागं पडलं. बायकांनी एक जुनी ओळ धरली, कोणाला पुढची आठवेना, आजीनं ती पुरी केली. तिचा आवाज चिरका, पण सूर पक्का. मी ते गाणं कधी ऐकलंच नव्हतं. 

"आणि त्याच झिऱ्यावर मला घर मिळालं," आजी म्हणाली. गाणं थांबलं. "वरचा झिरा होता पलीकडच्यांचा. स्वच्छ, वळणाच्या वर, गुरं पोचत नाहीत तिथं. मी डबा घेऊन गेले तर कातुंगेच्या सासूनं काटेरी फांदी आडवी टाकली. म्हणाली, वांझोटीचा हात लागला की झिरा आटतो. सगळ्यांसमोर म्हणाली. मी खाली आले आणि एकटी खणत बसले. तेव्हा एक परकी पोर, मावशीकडे आलेली, न बोलता खड्ड्यात उतरली आणि माझ्याबरोबर खणायला लागली. दिवस कलेपर्यंत खणलं आम्ही. पाणी लागलं तेव्हा तिनं पहिला तुंबा मला दिला. मी तेव्हाच ठरवलं, हीच माझ्या घरची बायको. ती माझी जागा भिंतीखाली गाडू म्हणता?"

चुलीपाशी सासूनं पदर डोळ्यांना लावला. ती पोर तीच.

काकांना हे सगळं जड जायला लागलं असावं. त्यांनी मुसेम्बीला खांद्याला धरून गोठ्यामागं नेलं. तिथं काय झालं ते मला नवऱ्यानं नंतर सांगितलं. काका म्हणाले, "म्हातारी लॉरीला नाही म्हणाली, पण भिंतीलाही नाहीच म्हणाली ना? लॉरी पहाटेच येऊन जाईल, तिला कळणारपण नाही. तू फक्त काठच्या फाटकाची साखळी काढून ठेव. तुझं पत्र्याचं छप्पर होतंय त्यात. वाळू काय, पुढच्या पावसात देव परत आणून टाकतो."

"आणि पुढच्या पावसापर्यंत?" मुसेम्बीनं विचारलं.

"बायका जातात रे लांब. सवय असते त्यांना."

माझा नवरा तसा साधा. छपराचं ऐकून त्याचा पाय घसरला होता, तो कबूल करतो. पण 'सवय असते' म्हटल्यावर त्याला माझं कपाळ आठवलं म्हणाला. तो उत्तर न देता परत आला. काकांनी त्याचं गप्प राहणं होकार समजलं. आमच्याकडचे पुरुष गप्प राहिले की समोरचा आपल्याला हवं ते ऐकतो.

इकडे चुलीपाशी कोकीकाकू माझ्या सासूजवळ जाऊन बसली होती. दोघी आयुष्यभर जावा, पण कधी फार जवळच्या नव्हत्या. काकू मला म्हणते, "मला त्या वेळी बोलायचं होतं, पण जीभच उचलेना." कारण अंगणात सगळे जिचं नाव टाळत होते ती म्वेंदे तिच्या डोळ्यांपुढं आली होती.

म्वेंदे माझी नणंद. मी तिला पाहिलं नाही. मुसेम्बीहून मोठी, तुरुतुरु चालणारी, आजीच्या पाठीमागं डबा घेऊन झिऱ्यावर जाणारी. एके सकाळी पलीकडच्या काठची कातुंगे नदीत तिच्याजवळ थांबली, वाकली आणि तिच्या कानात काहीतरी बोलली. दुसऱ्या दिवशी पोरीला जुलाब लागले. ताप चढला. तिसरी सकाळ तिनं पाहिली नाही. कोकीकाकू तेव्हा नवी सून. तिनं जे पाहिलं ते आजीला सांगितलं. एवढंच सांगितलं, "कातुंगे हिच्या कानात पुटपुटली." पुढचं गावानं जोडलं. करणी केली. तेव्हापासून दोन काठ एकमेकांकडे पाठ करून पाणी भरतात, आणि कातुंगेच्या हातचं आमच्या काठावर कोणी खात नाही.

सासू उठली. पदर खोचला आणि अंगणात येऊन आजीसमोर उभी राहिली.

"गोड होतं ते पाणी, आई. माझ्याही जिभेवर आहे," ती म्हणाली. "पण म्वेंदे त्याच पाण्यानं गेली."



"दवाखान्यातल्या बाईनं मला तेव्हाच सांगितलं होतं. तुम्ही इतक्या रडत होता, माझ्यानं बोलवलं नाही. आणि मी आणलेली. मी कोण सांगणार?"

"ती करणीनं गेली," आजी म्हणाली. "कोकीनं डोळ्यांनी पाहिलंय. विचार कोकीला!"

सगळ्यांनी काकूकडे पाहिलं. काकू नवऱ्याकडे बघत नव्हती. "मी वाकलेली पाहिली," ती म्हणाली. "ऐकलं काही नाही. तेव्हापण तेवढंच म्हटलं होतं, आई. बाकीचं मी नाही म्हटलं. पण गप्प राहिले, ते म्हटल्यासारखंच झालं."

"कोके, तू गप बस," काका म्हणाले.

"बसलेच की इतकी वर्षं गप! तुमची ती लॉरी आली की पाणी आणायला मलाच जायचंय पलीकडच्या टेकडीपर्यंत. तुम्ही जाणार आहात का पट्टा लावून?"

 पहिल्यांदाच काका हसले नाहीत.

आणि त्याच वेळी अंगणाच्या फाटकाची साखळी वाजली. कातुंगे आत आली. सासूनं तिला बोलावणं पाठवलं होतं, हे मला आधी ठाऊक असतं तर मी तिला वेडी म्हटलं असतं. पिकलेल्या केसांची, उंच, दोन्ही हातांत झाकलेला तुंबा. बाळंतिणीला प्रत्येक घरची बाई काहीतरी आणते, तशी तिनं बाजरीची आंबील आणली होती. ती माझ्यापर्यंत आली आणि तुंबा पुढे धरला. माझे हात लेकीभोवती आवळले गेले. घ्यावा तर आजीचं मन मोडतं, न घ्यावा तर ही बाई आल्या पावली परत जाते आणि तिच्याबरोबर पलीकडच्या काठाचा होकार, म्हणजे भिंतही जाते.

"कोण आहे?" आजीनं विचारलं. तिच्या कानांना पावलं ओळखीची वाटली असावीत, कारण तिनं उत्तराची वाट पाहिली नाही. "कातुंगे?"

"हो."

"माझ्या अंगणात?"

"तुमच्या सुनेनं बोलावलं म्हणून आले. जा म्हणालात तर जाते."

 काठीच्या मुठीवर आजीचा अंगठा फिरत राहिला. मग तिनं तो प्रश्न विचारला. इतक्या वर्षांत तो आमच्या काठावरच्या एकाही माणसानं विचारला नव्हता. भांडलो, शाप दिले, दोनदा पंच बसवले, पण साधं विचारलं कोणी नाही.

"माझ्या पोरीच्या कानात तू काय बोललीस?"

कातुंगे खाली बसली, तुंबा मांडीवर घेऊन. "तुमच्या झिऱ्यात पहाटे गुरं उतरली होती. काटे तोडून. पाणी हिरवट दिसत होतं. ती तुंबा भरून तोंडाला लावत होती. मी म्हटलं, बाळे, हे पिऊ नको, वर ये, आमच्या झिऱ्यातलं पी. मोठ्यानं म्हटलं असतं तर माझ्या सासूनं ऐकलं असतं, म्हणून कानात."

"मग?" आजी म्हणाली.

"मग काही नाही."

"मग ती आली का वर?"

कातुंगेनं माझ्या सासूकडे पाहिलं. सासूनं 'सांग' अशी मान हलवली.

"नाही आली," कातुंगे म्हणाली. "म्हणाली, आजी रागावेल."

 कोकीकाकूनं माझ्या सासूला जवळ घेतलं. मला वाटलं आजी ओरडेल, नाहीतर काठी उगारेल. ती नुसती बसून होती. डोळ्यांतून पाणी गालांवर, गालांवरून हनुवटीला, ती पुसतसुद्धा नव्हती.

"रागावलेच असते," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या झिऱ्याला तोंड लावायचं नाही, मीच शिकवलं होतं तिला. उपाशी राहा, तहानलेली राहा, पण त्या काठाचं पिऊ नको." मग जरा वेळानं, "शहाणी पोर. ऐकायची माझं."

 मुल्वाकाका आपल्या चपलांकडे बघत उभे होते. म्वेंदेला नदीवर खांद्यावर बसवून नेणारे तेच होते, असं माझ्या नवऱ्यानं मला कधीतरी सांगितलं होतं.

आजीनं हात पुढे केला. हवेत, अंदाजानं. "दे."

कातुंगेला आधी कळलं नाही. मग तिनं तुंबा आजीच्या हातात दिला.

"कुठल्या पाण्याची?"

"वरच्या झिऱ्याच्या. उकळून घेते आता मी."

आजीनं दोन्ही हातांनी तुंबा धरला आणि प्यायली. घोट घोट, थांबत, पण खाली ठेवला नाही. अर्धा झाला तसा माझ्या दिशेनं धरला. "पी, सवत. पोरीला दूध येईल."

मी प्यायले. आंबट, कोमट, वर थोडी साखर.

"मुल्वा," आजी म्हणाली, "लॉरीवाल्याला फोन कर."

"आई, मी शब्द दिलाय त्याला..."

"मी मोडला तुझा शब्द. माझ्या काठावरून वाळूचा एक कण जायचा नाही."

"येऊ दे की लॉरी," कोकीकाकू डोळे पुसत म्हणाली. "टेकडीवरून दगड आणायला होईल. रिकामी कशाला परत जायची बिचारी?"

कोणीतरी फिसकन हसलं, बहुतेक मीच. काकांनी बायकोकडे पाहिलं, मग आजीकडे, आणि फोन काढून अंगणाबाहेर गेले. पलीकडून बराच आरडाओरडा ऐकू आला. काका नुसतं "हो, हो, दगड. दगडच म्हणतोय मी," म्हणत होते.

बोकड अजून खुंट्याला होता, पोरीला अजून नाव नव्हतं. पण आजी उठायला लागली. मुसेम्बी धावला, "थांब, मी धरतो." तिनं त्याचा हात बाजूला केला आणि चाचपडत माझ्या सासूचा खांदा शोधला.

"तुझी पोर होती," ती तिला म्हणाली. "आणि मी तुला रडूसुद्धा दिलं नाही तिच्यासाठी. सगळं रडणं मीच घेतलं."

"असू दे, आई."

"असू दे कसं?" आजी वसकन ओरडली, नेहमीसारखी. मग आवाज खाली आला. "चल. नदीवर चल. कातुंगे, तूपण चल. भिंतीचा पाय माझ्या काठावर कुठं यायचाय?"

"झिऱ्याच्याच जागी, आई," सासू घाबरत म्हणाली. "तिथंच खडक वर आहे."

आजीनं सासूच्या खांद्यावरची पकड घट्ट केली.

"बरं," ती म्हणाली. "डोळ्यांनी मला दिसायचं नाही. तिथं नेऊन उभी कर मला, म्हणजे पायांना कळेल."